ठमीचा राहिलेला तास

आमच्या पागेत एक शब्द उच्चारायला बंदी होती. शिवीला नव्हती. मी स्वतः रोज सकाळी बादल्या भरताना दोन-चार मोकळ्या करते, त्याबद्दल कुणी कधी हूं की चूं केलं नाही. बंदी होती ती ‘झालं’ या शब्दाला.

आता तुम्हीच सांगा, ‘झालं’ न म्हणता माणसाने दिवस कसा काढायचा? ‘चहा झाला’ चालायचं, ‘आंघोळ झाली’ चालायचं, पण जेवण मात्र उरकायचं, काम आटपायचं आणि लग्न लागायचं. कुणाचा चेहरा उतरलेला दिसला तर ‘काय झालं?’ असं विचारायची सोय नव्हती. ‘काय बिनसलं?’ असं विचारायचो. नाल ठोकायला येणारा आमचा नालबंद म्हणायचा, “तुमच्याकडे नुसतं डोकं धरून बसलं तरी वाटतं, आपलं कुणाशी तरी भांडण आहे.” त्याच्या तोंडून आठवड्यातून एकदा तरी तो शब्द निसटायचा आणि मग सगळ्यांचा चहा त्याच्याकडे लागायचा.

हा सगळा प्रताप ठमीचा. ठमी म्हणजे आमची घोडी. कागदावर तिचं नाव लांबलचक आणि रुबाबदार आहे, पण ते फक्त मैदानातल्या भोंग्यावर ऐकू येतं. आली तेव्हा गोल पोटाची, हट्टी, जरा बोललं की फुगून भिंतीकडे तोंड करून उभी राहणारी. माझ्या भाच्याने तिला पाहिलं आणि म्हणाला, “ही तर ठमी.” तेच चिकटलं.

पागा माझ्या भावाची. तो स्वार घडवतो. बाहेरचे त्याला सर म्हणतात. मी थोरली, म्हणून मी अजून बाळ्याच म्हणते, मग त्याचे केस पांढरे होवोत नाहीतर जावोत. मी लग्न करून पाहिलं, नाही जमलं, परत आले. घोड्यांशी जमलं. दाणापाणी, खरारा, दुखणीखुपणी, स्पर्धेच्या दिवशी आयाळीच्या वेण्या, हे सगळं माझ्याकडे. भावजय लवकर गेली, त्यामुळे तिची दोन पोरंही माझ्याच हाताखाली वाढली. थोरला आणि धाकटी. घोड्यांना वळण लावणं सोपं, असं माझं या अनुभवावरून मत झालेलं आहे.

आमचा खेळ उड्यांचा नव्हे आणि शर्यतीचाही नव्हे. चालींचा. पांढऱ्या बुटक्या फळ्यांनी आखलेल्या मैदानात घोड्याने ठरलेल्या जागी ठरलेली चाल करून दाखवायची. तिरकं जायचं, जागच्या जागी दुडकायचं, एका पायावर गिरकी घ्यायची, आणि वर बसलेला माणूस काही करतोय हे कुणाला दिसता कामा नये. बोलायचं तर मुळीच नाही. मैदानात घोड्याशी नुसतं चुकचुक केलंत तरी गुण कापतात.

म्हणून थोरला ठमीला घरीही मुक्यानेच शिकवायचा. अख्ख्या तासात अवाक्षर नाही. आणि काम संपलं की एकच शब्द, हलक्या आवाजात, “झालं.” मग लगाम पार सैल. ठमी नाकातून एक लांबलचक सुस्कारा सोडायची, मान गुडघ्यापर्यंत खाली टाकायची, खालचा ओठ लोंबायला लागायचा, आणि रुबाबदार नावाची ती घोडी पेन्शनीतल्या म्हाताऱ्यासारखी रमतगमत फाटकाकडे निघायची. तेवढ्यासाठी ती तासभर जीव काढून राबायची.

घोळ असा होता की बाळ्याचा आणि थोरल्याचा आवाज एक. फोनवर तर मीही फसायचे. एकदा ठमी ऐन वेगात असताना बाळ्या कुंपणाशी उभा राहून कुणाला तरी म्हणाला, “ते काम झालं.” ठमी होती तिथे खिळली, मान खाली. थोरला तिच्या कानांवरून पुढे वाळूत. उठला, कपडे झटकले, दाताखालची वाळू थुंकला आणि म्हणाला, “बाबा, हा शब्द आजपासून माझा. तुम्ही दुसरा शोधा.”

नियम खरं तर बाळ्यापुरता होता, कारण आमच्या कुणाच्या ‘झालं’ला ठमी भीक घालत नसे. पण एकट्याची जीभ अडते, सगळ्यांची वळते, म्हणून तो सगळ्या पागेला लागू केला. पुढे त्याची इतकी सवय लागली की धाकटी शाळेच्या पेपरातसुद्धा ‘युद्ध आटपलं’ असं लिहून आली.

थोरला गेला तो घोड्यावरून पडून नव्हे. लोक तेच धरून चालतात आणि चुकचुकत ठमीकडे बघतात, म्हणून आधीच सांगते. त्या सकाळी तो तिचा तास घेत होता. मध्येच उतरला. म्हणाला, “आत्या, डोकं फुटतंय गं,” आणि लगाम माझ्या हातात दिला. ठमीच्या मानेवर थाप मारून तिला म्हणाला, “थांब हं, आलोच.” नळापर्यंत गेला, ओंजळ भरली, ती तोंडापर्यंत नेलीसुद्धा. मग खाली बसला, आणि मग आडवा पडला. डोक्यातली शीर फुटली होती. तिशीही गाठली नव्हती पोराने.

दवाखान्यात बाळ्या आतून बाहेर आला आणि माझ्यासमोर उभा राहिला. मी विचारलं, “काय म्हणतात?” ‘काय झालं’ असं मी विचारलं नाही. ठमी तिथून किती लांब होती, पण जिभेला वळण लागलेलं. बाळ्याने तोंड उघडलं, मिटलं, आणि नुसता माझ्या खांद्याला धरून उभा राहिला. तेव्हापासून तो शब्द त्याच्या तोंडून गेलाच. आधी घोडीसाठी म्हणायचा नव्हता, आता म्हणवतच नव्हता.

ठमीवर मग धाकटी बसायला लागली. भावाच्या सावलीत वाढलेली पोर. तो जिंकून यायचा तेव्हा हिने त्याचे बूट पुसलेले. पण कसब होतं तिच्या हातात, आणि ते बाळ्याच्याही आधी मला दिसलं होतं. लोक म्हणायला लागले, भावाचं अपुरं स्वप्न बहीण पुरं करणार. धाकटी एकदा खरारा करता करता मला म्हणाली, “आत्या, मला हे त्याच्यासाठी नाही करायचं. माझ्यासाठी करायचंय. वाईट आहे का हे?”

“अजिबात नाही,” मी म्हटलं. “आणि पोटाखालून नीट घास, तिथे चिखल तसाच आहे.”

जागतिक स्पर्धा चार वर्षांनी एकदा येते. ठमी सोळाची होती. या खेळात ते वय म्हणजे पिकलेलं फळ, पुढच्या खेपेपर्यंत काही फांदीवर राहत नाही. दुसरा घोडा त्या तोडीचा आमच्याकडे नव्हता आणि येणारही नव्हता. धाकटीला जे काही मिळायचं ते या एका खेपेला, या एका पाठीवर. हे तिला ठाऊक होतं, बाळ्याला ठाऊक होतं, आणि बाळ्याने शिकवण्यात काही कसर ठेवली नाही. सकाळ-संध्याकाळ कुंपणाशी उभा. “खांदा सोड. मांडी लांब. तिला विचार, तिला सांगू नकोस.” त्याच्या हाताखाली पोर अशी तयार होत गेली की पाहणाऱ्याने तोंडात बोट घालावं.

अडत होतं ते एकाच ठिकाणी. ठमी सुटत नव्हती.

तास संपायचा, धाकटी लगाम सैल सोडायची, थोपटायची, उतरायची. ठमी मात्र मान वर, कान ताठ, पाठ ताणलेली. तिच्या लेखी तास चालूच. खोगीर काढलं तरी चालू, अंग धुतलं तरी चालू. तबेल्यात बांधली की दाण्याला तोंड लावायच्या आधी दाराकडे बघत दात करकरायची. धाकटीने ‘झालं’ म्हणून पाहिलं. मी म्हणून पाहिलं, घसा खाकरून, आवाज जाड करून, स्वतःची लाज वाटेपर्यंत. ठमी एक कान आमच्याकडे फिरवायची आणि पुन्हा वाट बघायला लागायची. तिला कुणीतरी ‘थांब हं, आलोच’ म्हणून सांगून गेलं होतं. ती थांबली होती.

डॉक्टरांनी पायापासून दातापर्यंत तपासली, दुखणं सापडलं नाही. देशाचा संघ निवडणारे संघप्रमुख पाहायला आले तेव्हा ते बाळ्याला स्पष्टच म्हणाले, “सर, घोडी सुंदर आहे, पण ही सैल पडत नाही. विमानाचा प्रवास, वर विलगीकरण, नवी जागा. तिथे पोचून पाठ आखडली तर आपण काय करायचं? राखीव जोडी तयार आहे. नेण्याच्या आत हिला शांत करा.”

ते गेल्यावर धाकटी खोगीरखान्यात आली. बाळ्या खोगिराला तेल लावत बसला होता आणि मी पट्टे मोजून टांगत होते.

“बाबा, एकदा म्हणा,” ती म्हणाली.

“काय म्हणू?”

“तुम्हाला माहितीये काय.”

बाळ्याने फडक्यावर तेल घेतलं. “नाही.”

“तुमचा आवाज तोच आहे. माझं काम आटपलं की कुंपणापाशी उभं राहून फक्त एक शब्द. ती सोडेल. मला माहितीये ती सोडेल.”

“तो शब्द त्याने घेतलाय.”

“तो नाहीये, बाबा.”

“म्हणून मी घ्यायचा?” खोगिराच्या एकाच जागी त्याचं फडकं फिरत राहिलं. “ती मान खाली घालणार. तिला वाटणार, आला. आणि मी म्हटलं म्हणजे मग...”

धाकटी दाराकडे वळली. मग म्हणाली, “मी तुमच्याकडे आजपर्यंत काही मागितलं नाही. हे एक मागतेय,” आणि निघून गेली.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, “बाळ्या, गेलेल्याची वस्तू जपत बसलास आणि राहिलेल्यांना उपाशी ठेवलंस. ती घोडीही तसलीच आणि ती पोरही तसलीच. बापाच्या तोंडातून एक शब्द निघत नाही म्हणजे काय?”

“ताई, तू तुझे पट्टे बघ,” तो म्हणाला.

मग मी बरेच दिवस त्याच्याशी दाण्या-चाऱ्यापलीकडे बोलले नाही. त्यालाही ते सोयीचंच गेलं. आमच्या घरात अबोला हे भांडण नाही, विश्रांती आहे.

धाकटीने आपल्या परीने वाट काढली. तास संपला की ती उतरायची आणि ठमीला हातात धरून कुंपणाच्या बाजूने चालायची. फेऱ्यांवर फेऱ्या. घोडीची मान दमून आपोआप खाली येईपर्यंत. पोरीच्या बुटांचे तळ गेले, टाचांना फोड आले, पण हळूहळू ठमी निदान दाणा नीट खायला लागली. सैल पडली नाही, दमली एवढंच. पण संघप्रमुखांना लांबून तो फरक पुरेसा वाटला आणि आमचं जाणं ठरलं.

परदेशी जाणाऱ्या घोड्याचे लाड नवरदेवाला मिळायचे नाहीत. पासपोर्ट, रक्ततपासण्या, वेगळ्या तबेल्यात विलगीकरण, आत-बाहेर जाताना आमचे बूट औषधाच्या पाण्यात बुडवणं. नालबंद नवे नाल ठोकायला आला आणि शेवटचा खूर खाली ठेवून सवयीने म्हणाला, “झा—” आणि जीभ चावली. मग ठमीच्या नाकावरून हात फिरवत राहिला. चहा पाजा असं त्या दिवशी त्याला कुणी म्हटलं नाही.

विमानात घोडे पेटीत उभे राहून जातात. मी पूर्ण प्रवास तिच्या डोक्यापाशी बसून होते, गवताचं जाळं धरून. ती घामेजली नाही, घाबरली नाही. नुसती पुढे बघत राहिली. मी तिला म्हटलं, “बाई गं, तुझ्याइतका धीर मला असता तर माझं लग्न टिकलं असतं.”

तिथे पोचल्यावरही सगळं सुरळीत होत गेलं, आणि मला त्याचीच धास्ती वाटत होती. डॉक्टरांपुढे घोडा धावता करून दाखवायचा असतो, तिथे ठमी सरळ आणि सारखी धावली. सरावाच्या मैदानात दुसऱ्या संघांचे लोक हातातलं काम टाकून बघायला लागले. संघप्रमुख बाळ्याच्या पाठीवर थाप मारून गेले. बाळ्या कितीतरी दिवसांनी धाकटीकडे बघून हसला आणि म्हणाला, “तू त्याच्यापेक्षा हलकी बसतेस.” धाकटीने ऐकलं न ऐकल्यासारखं करून रिकिबीचा पट्टा घट्ट केला. पण कान लाल झाले होते पोरीचे. हे एक वाक्य ऐकायला तिने अख्खं लहानपण घालवलं होतं.

स्पर्धेच्या सकाळी मी आयाळीच्या वेण्या घातल्या, एकेक गुंडाळून दोऱ्याने टाचली. दोन वाकड्या बसल्या म्हणून पुन्हा उसवल्या. सरावाचा वेळ संपला. मैदानात शिरायला एक लांब बोगदा होता आणि त्याच्या मैदानाकडच्या तोंडाशी मी बादली आणि पांघरूण घेऊन उभी, शेजारी बाळ्या. भोंग्यावर ठमीचं रुबाबदार नाव उमटलं. धाकटी आमच्यापुढून आत गेली. तिने वळून पाहिलं नाही, ते बरं केलं.

आता मी घरचीच, मी कौतुक केलं तर लोक म्हणणार, आपला तो बाब्या. पण सांगते. ठमी त्या दिवशी चालली नाही, तरंगली. जागच्या जागी दुडकताना तिचे पाय वाळूला लागत होते की नाही ते कळत नव्हतं. तिरकी गेली ती कापडावरून हात फिरवावा तशी गेली. धाकटी वर होती आणि नव्हती. हजारो माणसं आणि खोकला म्हणून नाही. त्यांना वाटत असेल, काय उत्साह आहे या वयात. मला ठाऊक होतं तो उत्साह नव्हता. घोडी राहिलेला तास पुरा करत होती. आणखी चांगलं केलं तर तरी संपेल, आणखी थोडं चांगलं केलं तर, असं करत ती इथवर आली होती. माझे डोळे भरून आले आणि मी बादलीत बघत राहिले.

सगळ्या चाली पार पडल्या. आता फक्त मधल्या रेषेवर वळायचं, सरळ पुढे जायचं, थांबायचं, परीक्षकांना मानवंदना. त्या रेषेवर घोड्याची पाठ आमच्याकडे होते. ठमी वळली आणि दुडकत आमच्यापासून लांब जायला लागली. पाठीमागून बघितलं तर वर कोण बसलंय ते ओळखू येत नाही. काळा कोट, ताठ पाठ, उजवा खांदा किंचित वर. दोघा भावंडांचा खांदा तसाच होता, मीच दोघांना त्यासाठी लहानपणी रागावले होते.

आणि माझ्या शेजारून, अगदी हलक्या आवाजात, थोरला म्हणाला, “झालं.”

मी वळून पाहिलं तर बाळ्या होता. आपण बोललो हे त्यालाही कळलेलं नव्हतं. त्याचे डोळे त्या पाठीवर होते आणि तोंडावर असं सुख होतं की ते मला आजही आठवू नये असं वाटतं.

एवढी शांतता नसती तर ऐकू गेलं नसतं. ठमीचे दोन्ही कान मागे फिरले. ती होती तिथे थांबली, थांबायच्या जागेच्या कितीतरी अलीकडे. नाकातून तो लांबलचक सुस्कारा निघाला, तो मला बोगद्याच्या तोंडाशी ऐकू आला. मान खाली गेली. आणि ती वळली.

धाकटी तिला आवरू शकली असती. तेवढं कसब तिच्या हातात होतं, आणि तिला पुन्हा वळवून पुढे नेऊन मानवंदना देता आली असती. थोडे गुण गेले असते, बाकी सगळं वाचलं असतं. तिने लगाम घेतलाही. मला तिचं कोपर मागे जाताना दिसलं. मग तिने खाली बघितलं, ठमीच्या त्या लोंबत्या मानेकडे, जी तिला वर्ष-दीड वर्षात एकदाही मिळाली नव्हती. आणि तिने बोटं उघडली. लगाम पार सैल.

घंटा वाजली. बाहेरून आवाज आला म्हणजे मदत, आणि मदत म्हणजे बाद. शब्द परीक्षकांना कळायचं कारण नव्हतं, आवाज कळला तेवढं पुरे होतं. ठमीला घंटेशी काय देणंघेणं? ती रमतगमत, ओठ लोंबवत, आमच्याकडे आली आणि बाळ्यापुढे उभी राहिली.

तिने त्याचा हात हुंगला. मग बाही, मग कोटाचा खिसा, मग गळा. बाळ्या हलला नाही. तिने त्याचं तोंड हुंगलं, नाकपुड्या मोठ्या करून, बराच वेळ. मग तिचं नाक थांबलं. तिने मान उचलली, आणि त्याच्या खांद्यावरून मागे, बोगद्यात बघायला लागली. आवाज तर आला होता. मग माणूस मागेच कुठेतरी असणार.

आणि मी, देवाशपथ सांगते, मीही मागे वळून पाहिलं.

बोगद्यात कुणी नव्हतं. एक माणूस तेवढा वाळू सारखी करायचं दाताळं घेऊन उभा होता, त्याने आमच्याकडे बघून टोपी काढली.

“ठमे,” बाळ्या म्हणाला. त्याने तिचं डोकं दोन्ही हातांत धरलं. “तो नाही गं येणार. तो गेला. मी बघितलंय त्याला गेलेलं.” मग त्याने कपाळ तिच्या कपाळाला टेकवलं आणि पुन्हा म्हणाला, या वेळी स्वतःच्या आवाजात, घोगऱ्या, फाटक्या, “झालं. झालं, बाळा, झालं.” लहान मूल पडलं की म्हणतात तसं. ते तो तिला म्हणत होता की थोरल्याला की स्वतःला, कोण जाणे. वर धाकटी काळ्या कोटात ताठ बसून होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि भोंग्यावर पुढच्या घोड्याचं नाव पुकारलं जात होतं.

संघप्रमुख आले ते लालबुंद होऊन. धाकटी उतरली आणि बाळ्याने तोंड उघडायच्या आत म्हणाली, “माझी चूक. घोडी हातातून सुटली.” ते काय काय बोलले ते तिने मान खाली घालून ऐकून घेतलं. एवढ्या लांब येऊन अख्खा संघ तिच्यामुळे मागे पडला, हे तर खरंच होतं. बाहेर लोकांनी विचारलं तेव्हाही तिने तेच सांगितलं.

दुपारी तबेल्यात मी वेण्यांचे दोरे कापत होते. ठमी मान खाली टाकून झोपली होती, उभ्या उभ्या, थोरला असताना सकाळच्या उन्हात झोपायची तशी. बाळ्या पालथ्या बादलीवर बसला होता.

“मी म्हटलं नाही,” तो धाकटीला म्हणाला. “सुटलं. तुझं वाटोळं केलं मी.”

धाकटी बूट काढत होती. एक हातात, एक पायात. म्हणाली, “त्याचा राग नाही मला. ती थांबली, मीच सोडलं तिला. पण मी किती महिने मागत होते, बाबा. घरी. कुणी बघत नसताना. तेव्हा दिलं असतंत तर ती कधीच सुटली असती. आणि आज मी पुढे जाऊन सलाम केला असता.” तिचा आवाज चढला नाही. “माझ्यासाठी नाही निघालं. पाठीमागून त्याच्यासारखी दिसले, तेव्हा निघालं.”

बाळ्याने खाली पडलेले दोरे गोळा करायला घेतले. धाकटीने दुसरा बूट काढला, दोन्ही शेजारी नीट ठेवले आणि ठमीच्या अंगावरचं पांघरूण सारखं करायला उठली.

आता ठमीला मोठं काम नाही. धाकटी तिच्यावरून हलकी रपेट मारते. दुसऱ्या घोड्यांवरही बसते, चांगली बसते, पण त्या तोडीचा घोडा आला नाही आणि आला तरी तो तयार व्हायला किती वर्षं जातील ते आम्हाला कळतं. पागेतला नियम उठलाय. नालबंद दिवसभर ‘झालं, झालं’ करत फिरतो, साठवून ठेवलं होतं म्हणतो. धाकटी आणि बाळ्या घोड्यांबद्दल सगळं बोलतात. बाकीचं बोलत नाहीत.

पण रपेट आटोपली की बाळ्या हातातलं काम टाकून कुंपणाशी येतो, रोज, आणि म्हणतो, “झालं.” धाकटी लगाम सोडते. ठमी दोन्ही कान पुढे करून आधी नळाकडे बघते. थोडा वेळ बघते. मग मान सोडते.

आम्ही तिघंही तिकडेच बघत असतो. खोटं कशाला बोलू?